डोकं दुखत नाही त्या दिवसांचं काय?

मावशी, मी 36 वर्षांची, साताऱ्यात नोकरी करते. बारावीपासून अर्धशिशी आहे. महिन्यातले सात-आठ दिवस डोकं धरतं, पण बाकीचे दिवसही धास्तीतच जातात. आज नाही दुखलं म्हणजे उद्या दुखणार! बाहेर जायचं असलं की आधीच एक गोळी घेऊन ठेवते. पुढच्या महिन्यात पुतणीची हळद आहे, त्या ढोल-ताशांच्या विचारानं आतापासून धडधडतंय. सासूबाई म्हणतात, "कार्य आलं की हिचं डोकं बरं उठतं." डॉक्टरांनी रात्री घ्यायला अमिट्रिप्टिलीन दिलंय. नेटवर बघितलं तर ती डिप्रेशनची गोळी निघाली. पाकीट कपाटात तसंच आहे. हल्ली कशातच मन लागत नाही. वाटतं, झोपावं आणि उठूच नये. डोक्यामुळे मन खचलं, की मन खचल्यामुळे डोकं दुखतं?
– नाव नको

बाई गं, "उठूच नये" हे आधी बोलू. ते थकून लिहिलंस की जगणंच नकोसं झालंय, हे मला पत्रावरून कळत नाही. म्हणून आजच हे वाक्य घरातल्या एका माणसाला जसंच्या तसं सांग. नवऱ्याला सांगवत नसेल तर बहिणीला. टेलि-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फोनमध्ये घालून ठेव. सरकारी आहे, फुकट आहे, रात्री दोन वाजताही लागतो आणि मराठीत बोलता येतं. जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटलं, तर एकटी थांबू नकोस. कुणाला तरी हाक मार आणि तडक दवाखाना गाठ.

आता तुझा प्रश्न. दोन्ही खरं आहे. अर्धशिशी असणाऱ्यांना चिंता आणि नैराश्य इतरांपेक्षा जास्त गाठतं, आणि ज्यांना ते आधीपासून असतं त्यांना अर्धशिशीही जास्त होते. "आधी कोण?" याचं उत्तर उपचारापेक्षा दोष वाटून द्यायलाच जास्त उपयोगी पडतं.

सासूबाईंनी पाहिलंय ते बरोबर, अर्थ मात्र चुकीचा लावलाय. कार्य म्हणजे आदल्या रात्रीचं जागरण, दुपारी दोनपर्यंत पोटात नुसता चहा, उन्हातला मांडव, अत्तर, ढोल. अर्धशिशीला आणखी काय आमंत्रण हवं? माझी आजी सुंठ उगाळून कपाळाला लावायची आणि अंधाऱ्या माजघरात पडून राहायची. तिलाही घरात 'नाटकी' म्हणायचे. मीही एकदा म्हटलं होतं.

कपाटातल्या गोळीचं ऐक. अमिट्रिप्टिलीन नैराश्यावरचं जुनं औषध आहे हे खरं, पण डोकेदुखीचे झटके कमी व्हावेत म्हणूनही ते वर्षानुवर्षं देतात, सहसा 10 किंवा 25 मिलिग्रॅमपासून. नैराश्यासाठी डोस बराच मोठा लागतो. म्हणजे डॉक्टरांनी तुला वेडी ठरवलेलं नाही. उलट, तुझं मन किती खचलंय हे त्यांना बहुधा ठाऊकच नाही. तू फक्त डोकं दाखवलंस ना? सुरू करण्याआधी त्यांना सगळं सांग, ते "उठूच नये" धरून. त्यावरून ते औषधही बदलतील. अर्धशिशीवरच्या फ्लुनारिझिनसारख्या गोळीनं काहींचं मन आणखी उतरतं. डॉक्टरांना कळलंच नाही तर ते ती टाळणार कशी? गरज वाटली तर ते मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतील. तिथेही जा. धास्तीवर समुपदेशनाचा चांगला उपयोग होतो.

मला सगळ्यात जास्त खटकली ती "आधीच एक गोळी". ती तू दुखण्यासाठी नाही, भीतीसाठी घेतेस. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान (अर्धशिशीचा झटका थांबवणारी खास गोळी) किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली मिश्र गोळी 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं, तर गोळ्याच डोकं दुखवायला लागतात. दुधाचा हिशेब लिहितेस त्याच कॅलेंडरवर रोज खूण कर: दुखलं का, गोळी घेतली का, मन कसं होतं. पुढच्या वेळी तो कागद डॉक्टरांपुढे ठेव. मनानं एकदम काही बंद करू नकोस.

हळदीला जा, पण पूर्ण दिवस नको. खाऊन जा, तासभर बस, आणि मागची एखादी शांत खोली जावेला आधीच सांगून ठेव. डॉक्टरांची वेळ मात्र हळदीनंतरची नको, याच आठवड्यातली घे.