स्वतःच्या शेतातल्या नाल्यावर बांध घालायला परवानगी लागते का?

राम राम भाऊ. तुम्ही विचारलं की साक्रीकडं नाल्याचे दोन्ही काठ आपलेच, सातबारा आपल्या नावावर, मग तीन मीटरचा मातीचा बांध घालायला कोणाला कशाला विचारायचं. विचारावं लागतं. महसूल संहिता १९६६ चं कलम २० बघा, नाल्याचं पात्र अन् त्यातलं वाहतं पाणी सरकारचं असतं, काठ तुमचा असला तरी.

आधी ग्रामसभेचा ठराव घ्या. मग ज्यांच्या शेतात पाणी चढणार त्यांची ना-हरकत लेखी घ्या, चुलतभाऊ असला तरी तोंडावर ठेवू नका. ते कागद घेऊन तहसील अन् जिल्हा परिषदेचं जलसंधारण खातं गाठा, शंभर हेक्टरपर्यंत सिंचनाची कामं जिल्हा परिषदेकडं असतात. वरचा तुकडा फॉरेस्टचा आहे म्हणालात, तिथं पाटीभर मातीही उचलू नका. वन हक्क कायदा २००६ मधी १ हेक्टरच्या आतली पाणी अडवायची कामं बसतात, ग्रामसभेची शिफारस अन् हेक्टरी ७५ च्या वर झाडं तोडायची नाही या अटीवर, पण ती गावासाठी सरकारनं सांभाळायची कामं, एकट्याच्या शेतासाठी नाही.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा तुम्हाला लागत नाही, तो १५ मीटरवरच्या अन् १० ते १५ मधल्या काही मोठ्या धरणांना आहे. पण म्हणून लहान बांध निर्धास्त असं समजू नका. आमच्या गावच्या बांधाला सांडवा, म्हणजे जादा पाणी बाजूनं काढून द्यायची वाट, बरोबर काढलेला होता, पण पाणी जास्त थांबावं म्हणून आम्ही पोरांनी त्याच्या तोंडाशी मातीच्या गोण्या रचल्या, मीही होतो त्यात, अन् श्रावणात एका रात्री पाणी बांधावरूनच गेलं. मातीचा बांध वरून वाहायला लागला की थांबत नाही, सकाळपर्यंत मधी खिंडार अन् खालच्या आप्पांची कपाशी मातीसकट वाहून गेलेली, नुसता मुरूम उघडा. त्या शेतात अजून पहिल्यासारखं पिकत नाही अन् मला त्यांच्याकडं बघवत नाही.

म्हणून सांगतो, परवानगीमधी खरी कामाची गोष्ट शिक्का नाही, इंजिनिअर येऊन पाणलोट, म्हणजे जिथलं पावसाचं पाणी नाल्यात येतं तो भाग, मोजतो अन् पुराच्या हिशोबानं सांडवा किती रुंद लागेल ते काढून देतो ती आहे. खालच्याचा विचार करून पाणी अडवायची रीत आपल्याकडं जुनीच, पांझरा नदीवरचे जुने फड बंधारे बघा, पाटकरी म्हणजे पाणी सोडणारा माणूस ठेवून पाणी पाळीनं वाटायचे.

पाणलोट किती एकराचा ते कळवा. अन् मोठ्या पुरात पाणी कुठवर चढलं होतं ते काठावरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून तिथं खुंटी ठोकून ठेवा, इंजिनिअर आला की पहिलं तेच विचारेल.