तांब्याचं तोंड

प्रश्न : मी ६१ वर्षांची आहे, बँकेतून निवृत्त झाले. नातीची एलिमेंटरीची तयारी बघता बघता मलाही चित्रं काढायची हौस लागली. सहा महिने रोज बसते, पण काढलेलं सगळं शाळकरी दिसतं. नात म्हणते, "आजी, तू बघतच नाहीस." मी तर तासभर त्या वस्तूकडे टक लावून असते! चित्रकाराची नजर उपजतच असावी लागते का? सोबत एक चित्र पाठवते आहे.
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आधी नातीला माझ्यातर्फे शाबासकी द्या.

तुमचा स्टीलचा तांब्या समोर घेऊनच लिहितो आहे. रेघ स्वच्छ आहे, खोडाखोड नाही, हात छान आहे. पण तांब्याचं तोंड तुम्ही बांगडीसारखं गोल काढलंय आणि बूड पट्टीनं आखल्यासारखं सरळ. तोंड तसं दिसायला विहिरीत डोकावतात तसं तांब्यावर ओणवं व्हावं लागेल, आणि बूड तसं दिसायला डोळे टेबलाच्या पातळीला आणावे लागतील. दोन्ही एकदम कसं साधलंत?

झालंय असं की, तोंड गोल असतं हे तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे आणि बूड सपाट नसतं तर तांब्या लवंडला असता, हेही. तासभर बघत होतात खऱ्या, पण काढलात तो हा माहितीतला तांब्या.

आता एक करा. तांब्या ओट्यावर ठेवा आणि समोर उभ्या राहा. तोंड लंबगोल दिसेल. मग हळूहळू खाली वाका (गुडघे कुरकुरत असतील तर स्टूल घ्या). लंबगोल चपटा होत जाईल आणि काठ डोळ्यांच्या पातळीला आला की नुसती आडवी रेघ उरेल. पुन्हा उभ्या राहून बुडाकडे बघा. तिथली कड तोंडापेक्षा जास्त वळलेली असते, कारण ती डोळ्यांच्या पातळीपासून आणखी खाली आहे. मुलं हमखास चुकतात ती इथेच. एका कागदावर पाच उंचींवरून पाच तांबे काढा, प्रत्येकाला दोन मिनिटं. सुंदर काढायचे नाहीत.

उपजत वगैरे मला पटत नाही. ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आणि माझीच गोष्ट सांगतो. इंटरमीजिएटला स्थिरचित्राच्या पेपरात पिवळ्या कापडावर वांगं ठेवलं होतं. वांगं जांभळं, त्यात बघायचं काय? झरझर रंगवून टाकलं. शेवटची दहा मिनिटं उरली तेव्हा सहज मान वर केली. वांग्याच्या पोटाखाली कापडाचा पिवळट-तपकिरी उजेड पडला होता, खांद्यावर वर्गाची खिडकी गजांसकट पांढुरकी चमकत होती, आणि बाकीचा बराचसा भाग जवळजवळ काळा. जांभळं म्हणावं असं फार थोडं होतं. माझं वांगं तेवढं इकडून तिकडे जांभळं. सी ग्रेड मिळाली, आणि ती रास्तच होती.

रंगासाठी दोरीवर वाळणारा पांढरा पंचा पुरेल. सकाळच्या उन्हात बघा. जाड कागदाला शेजारी शेजारी दोन बारीक भोकं पाडा, एक डोळा मिटा आणि एका भोकातून पंचाची उन्हातली बाजू तर दुसऱ्यातून सावलीतली घडी दिसेल असा कागद धरा. सावलीतला 'पांढरा' निळसर-करडा निघेल, कारण तिथे ऊन पोचत नाही, आकाशाचा उजेड तेवढा पोचतो. खाली अंगणात लाल फरशी असेल आणि तिच्यावर ऊन असेल, तर पंचाच्या खालच्या काठाला तांबूस झाक आलेली दिसेल. भोकातून तुकडा तेवढा दिसतो, पंचा दिसत नाही, म्हणून 'पांढरा' हा शब्द आड येत नाही. डोळे किलकिले करून बघितलं की बारकावे पुसले जातात आणि गडद-फिकं तेवढं उरतं. चित्रकार मधेच तसे बघतात ते त्यासाठी.

सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं दिवा घेतलेल्या बाईचं जलरंगातलं चित्र तुम्ही कॅलेंडरवर नक्की पाहिलं असेल. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे ते. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात, त्याला इलाज नाही. हळदणकरांनी आपल्या मुलीला, गीताला, उभं करून ते रंगवलं. त्यात चेहऱ्याच्या आधी बोटं बघा. ज्योतीआड धरलेल्या हाताची बोटं उजेडानं आतून तांबूस झाली आहेत. आज सांजवात लावाल तेव्हा ज्योतीपुढे असाच हात धरा, आणि बोटं कुठे लाल होतात, कुठे काळसर राहतात ते बघा. कागद-पेन्सिल नको. बघून झालं की मग ओट्यापाशी या, तांबे बाकी आहेत.

प्रश्न : गावातलं जुनं देऊळ रंगवायचं आहे. मोबाइलवर फोटो काढून त्यावरून चित्र केलं तर चालेल का?
– एक विद्यार्थी, परभणी

उत्तर : चालेल, पण फोटो नंतर काढ. कडक उन्हात मोबाइल एक तर सावली काळीठिक्कर करतो, नाहीतर आकाश पांढरं फटक. म्हणून आधी पंधरा मिनिटं पायरीवर बस आणि वहीत चार ओळी लिही : शिखराची सावलीकडची बाजू आकाशापेक्षा गडद की फिकी, ओवरीत सगळ्यांत काळोखी जागा कुठली, उंबऱ्याजवळच्या दगडाचा रंग काय. चित्र, फोटो आणि त्या ओळी, तिन्ही पाठव. आणि देऊळ कुठल्या देवाचं ते लिही, पत्रात राहून गेलंय.