‘वॉरियर विदिन’ वगळून पुढचा भाग खेळावा का?

तुमचा प्रश्न असा : ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या व्हिडिओ गेम मालिकेतला ‘सँड्स ऑफ टाइम’ आवडीनं संपवला, मधल्या ‘वॉरियर विदिन’ला जो तो नावं ठेवतो, तर तो सोडून थेट ‘टू थ्रोन्स’ घ्यावा का?

सोडू नका.

नावं ठेवायला जागा आहे, हे कबूल. 2003 चा राजपुत्र लाघवी होता. आपण मेलो की ‘छे, असं नव्हतं झालं’ म्हणत गोष्ट पुन्हा सांगायला घ्यायचा. 2004 मध्ये तोच दातओठ खात आला, मागं गॉडस्मॅक या रॉक बँडची कर्कश गिटार. त्यातल्या बायकांच्या तोकड्या चिलखतांविषयी तर न बोललेलंच बरं. 1989 चा मूळ खेळ करणाऱ्या जॉर्डन मेकनरनंही यातला रक्तपात आणि एकंदर रंगरूप आपल्याला रुचलं नाही, असं उघड सांगून टाकलंय.

मी तो खेळलो बेळगावातल्या शहापुरातल्या एका नेट कॅफेत. यात सेव्ह करायचं ते फक्त कारंज्यापाशी, राजपुत्राला पाणी पाजून. आणि आमच्याकडचा जुलै म्हणजे लाइट कधी जाईल याचा नेम नाही. बाहेर पावसाची झड, दुकानात एकदम अंधार, आणि गल्ल्यावरून अण्णांचा आवाज : “पाणी पिलास काय बे?” पिलो नसलो की तासाभराची मेहनत गेली. अण्णा पैसे मात्र पूर्ण तासाचे घ्यायचे.

सगळ्यात जास्त ओरड कशाची, तर त्याच त्या किल्ल्यात फिरून फिरून यावं लागतं. माझ्या मते खेळाचा जीव तिथंच आहे. दालन एकच, काळ दोन. वर्तमानात पडझड झालेली, वेली चढलेली भिंत. दरवाजातून भूतकाळात गेलात की तीच भिंत नवीकोरी, सापळे तेलपाणी केल्यासारखे फिरतायत. बागेचा मनोरा आणि यंत्रांचा मनोरा यांच्यामध्ये मी तीन दिवस वाट चुकून हिंडलो, वैतागलोही. पण चौथ्या दिवशी तो वाडा मला आमच्या गल्लीसारखा पाठ होता. आमच्या बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती या जैन मंदिरासमोर उभा राहिलो की अजून तेच आठवतं : बाहेर लष्कराची गाडी चाललेली, आत आठशे वर्षांपूर्वीचे रट्ट राजांच्या काळातले खांब.

आणि दहाका! पहिल्या भागात राजपुत्रानं काळाची जादुई वाळू मोकळी केली तेव्हा तो मरायला हवा होता, मेला नाही, म्हणून काळाचा हा राखणदार सात वर्षं त्याच्या मागं लागलाय. तो आला की पडद्यावरचे रंग उडतात, तोल सांभाळत नुसतं पळायचं. पाण्याचा पडदा ओलांडला की सुटलो, कारण पाणी त्याला सोसत नाही. माझ्या पाठीमागं खुर्च्या सोडून चार पोरं उभी राहायची : “पळ की लेका, मागं काय बघालास!” पहिल्या भागात वेळ मागं फिरवायची मजा होती. इथं वेळच अंगावर धावून येते. एवढा धाडसी बदल यशस्वी मालिकेत सहसा कुणी करत नाही.

सुरुवातीपासून एक काळी आकृती आजूबाजूला घोटाळताना दिसेल. ती कोण हे बऱ्याच उशिरा कळतं, आणि मग त्याच जुन्या प्रसंगांत तुम्ही स्वतःलाच लांबून बघता. एवढं फोडलं त्याबद्दल माफ करा, पुढचं नाही सांगत.

एक कामाची गोष्ट. आयुष्य वाढवणाऱ्या नऊ जागा लपवल्यात, त्या सगळ्या शोधा. तरच पाण्याची तलवार मिळते आणि शेवट बदलतो. 2005 चा ‘टू थ्रोन्स’ त्याच शेवटापासून सुरू होतो. मधला भाग सोडलात तर राजपुत्राबरोबर जहाजातून बाबिलोनला आलेली ती कायलीना कोण, हेच कळायचं नाही.

आणि कारंजं दिसलं की पाणी पिऊन घ्या.