स्वमग्न प्रौढ व्यक्तीच्या दातांचं काम गुंगी देऊन करायचं असेल तर घरी काय तयारी करावी?

तुम्ही लिहिलंय त्यावरून भाऊ २६ वर्षांचा आहे, मोजके शब्द बोलतो, खालच्या दोन दाढा किडल्यात, तोंडात आरसाही घालू देत नाही आणि दंतवैद्यांनी 'गुंगी देऊन करू' एवढंच सांगून तारीख दिली आहे.

दाढेवर काम चालू असताना तो झोपलेलाच असणार. म्हणून घरच्यांनी तयारी करायची ती झोप लागेपर्यंतच्या सहा-सात तासांची आणि जाग आल्यानंतरच्या तेवढ्याच वेळाची. बऱ्याच घरांत उलटं होतं: 'आ कर'चा सराव महिनाभर चालतो आणि सकाळी उपाशी कसं ठेवायचं हा प्रश्न आदल्या रात्री आठवतो.

आधी 'गुंगी' म्हणजे नेमकं काय देणार ते विचारा. या एका शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी येतात. नायट्रस ऑक्साइड म्हणजे नाकावर मास्क ठेवून नाकानेच श्वास घेत राहायचं. जो आरसा सहन करत नाही त्याच्याकडून हे होणं कठीण. तोंडाने दिलेलं मिडॅझोलॅम माणसाला ढिला करतं, पण ड्रिल सुरू झालं की तो उठून बसू शकतो. तिसरी शिरेतून दिलेली गुंगी आणि चौथी पूर्ण भूल. माझं मत विचाराल तर, दोन दाढा, सफाई, एक्स-रे असं तासाच्या वरचं काम असेल तर हॉस्पिटलातली पूर्ण भूल बरी. खोल गुंगीत श्वासनलिकेला नळीचं संरक्षण नसतं आणि ड्रिलचं पाणी, लाळ, रक्त सगळं घशाशी जमतं. पूर्ण भुलीत नाकातून नळी घालून श्वासाचा मार्ग वेगळा केलेला असतो आणि तोंड कामाला मोकळं मिळतं. 'पूर्ण भूल' म्हटलं की धडकी भरते, 'हलकी गुंगी' म्हटलं की हायसं वाटतं; इथे मात्र हलकी वाटणारी वाटच कधीकधी जास्त जोखमीची ठरते. दवाखान्यातच करणार असतील तर भूलतज्ज्ञ वेगळे येणार का, ऑक्सिजन, सक्शन आणि श्वासावर लक्ष ठेवणारा कॅप्नोग्राफ आहे का, हे विचाराच. दात करणारा आणि गुंगी सांभाळणारा एकच माणूस नको.

आपल्याकडे अशा रुग्णांचं काम बरेचदा मुलांचे दंतवैद्य, म्हणजे पेडोडॉन्टिस्ट, करतात. रुग्ण प्रौढ असला तरी. खर्चाचा प्रश्न असेल तर मुंबईत नायर डेंटल कॉलेज, नागपुरात शासकीय दंत महाविद्यालय अशा ठिकाणी त्याच विभागात चौकशी करा.

भूलतज्ज्ञांना तारखेच्या आठवडाभर आधी भेटा. वजन, झोपेत घोरतो का, फिट येतात का, एखादा दात हलतो का, आधी कधी भूल दिली होती का आणि चालू असलेली सगळी औषधं त्यांना सांगा. व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध चालू असेल तर आवर्जून सांगा, त्याने प्लेटलेट कमी होऊ शकतात आणि दाढ काढायची म्हणजे रक्त आलंच. फिटच्या गोळ्या सहसा चुकवत नाहीत, त्या दिवशीही घोटभर पाण्याबरोबर देतात. पण कोणती गोळी किती वाजता हे कागदावर लिहून घ्या. सर्दी किंवा ओला खोकला असेल तर न लपवता फोन करा.

एकाच भुलीत काय काय उरकायचं याची यादीही याच भेटीत करा. एक्स-रे, सफाई, भराव, फ्लोराइड तर झालंच, पण रक्ततपासणी, कानातला मळ, वाढलेली नखंसुद्धा. तपासणी झोपेतच होणार असल्याने आत आणखी काही सापडलं तर काढायचं की वाचवायचं हेही आधीच ठरवा. तीन-चार खेपांचं रूट कॅनल या माणसासाठी कागदावरच राहतं. एका बैठकीत होत नसेल तर दाढ काढणं जास्त प्रामाणिक. टाके विरघळणारेच घाला म्हणावं, नाहीतर ते काढायला पुन्हा हीच वरात.

आता घरचा सराव. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि दंडाचं बीपी मशीन विकत किंवा उसनं आणा. पहिले दोन दिवस नुसतं टेबलावर ठेवा. मग आधी तुमच्या बोटाला, मग त्याच्या बोटाला, पाच मोजेपर्यंत. क्लिपच्या चिमट्यापेक्षा आतल्या लाल दिव्याचा त्रास होत असेल तर पायाच्या बोटालाही लावता येतो, हे तिथल्या लोकांना आधीच सांगा. बीपीचा पट्टा फुगताना होणारा आवाज आणि आवळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची सवयही वेगवेगळी लावा.

त्याच हॉस्पिटलचे फोटो काढून पट्टी करा: घर, गाडी, हॉस्पिटलचं दार, खाट, मास्क, झोप, परत घर. नेटवरचे फोटो चालणार नाहीत. भिंत हिरवी दाखवली आणि निघाली निळी, तर सगळी पट्टीच खोटी ठरते. वेळ लिहू नका, क्रम दाखवा, कारण ऑपरेशनची वेळ हमखास सरकते. 'झोपवणार' न म्हणता 'औषधाची झोप' म्हणा, नाहीतर रात्रीची झोपही संशयास्पद होते. 'काही दुखणार नाही' हेही नको. 'ओठ जड लागेल, तोंडाला रक्ताची चव येईल, मग जाईल' असं जे घडणार तेच सांगा.

उपवासाचा नेहमीचा हिशेब असा: तळकट, जड जेवणानंतर ८ तास, हलक्या खाण्यानंतर ६ तास, साध्या पाण्यानंतर २ तास. तुमचे डॉक्टर जे सांगतील ते अंतिम. दुधाचा चहा ६ तासांच्या खात्यात मोडतो, आणि घोटाळा नेमका इथेच होतो. पोट भरलेलं असताना भूल दिली तर अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून एक बिस्किट खाल्लं तरी सांगायचं, तारीख गेली तरी चालेल. सकाळची पहिलीच वेळ मागा. २६ वर्षांचा माणूस फ्रिज स्वतः उघडतो, तेव्हा डबे, फळं, गाडीतली चिक्की रात्रीच उचला. सकाळी घरात फोडणी नको, चहाचं आधण नको. पट्टीवर 'परत घर'च्या पुढे त्याच्याच कपाचा फोटो लावा.

मिडॅझोलॅम कडू असतं. ते त्याच्या आवडत्या पेयात लपवायचा मोह होतो, तो टाळा. चव कळली की ते पेय कायमचं सुटतं, आणि ज्याच्या जेवणात मुळात सात-आठच पदार्थ आहेत त्याला हे परवडत नाही. काहींना या औषधाने गुंगीऐवजी उलट चेव चढतो. तसं झालं तर पुढे काय, हे भूलतज्ज्ञांशी आधीच बोला. दंडात केटामाइन या भुलीच्या औषधाचं इंजेक्शन हाही एक मार्ग असतो. चार जणांनी धरून ठेवायची वेळ आली तर कधी थांबायचं आणि घरी परतायचं हेही आधीच ठरलेलं असू द्या. एकदा जबरदस्ती झाली की पुढच्या वेळी तो गाडीतच बसणार नाही.

सुईसाठी लिग्नोकेन-प्रायलोकेनचं बधिर करणारं मलम मागा. ते चोळायचं नाही. जाडसर थर ठेवून वर पारदर्शक पट्टी लावायची आणि किमान १ तास थांबायचं. अर्ध्या तासात काढलं तर वरची कातडी पांढुरकी दिसते, पण सुई लागतेच. दोन्ही हातांवर लावा, कारण पहिल्या हाताची शीर मिळेलच असं नाही. पट्टी खरवडत असेल तर वरून क्रेप बँडेज गुंडाळा. कपडे रोजचेच, अर्ध्या बाह्यांचे.

सहीचा मुद्दा घाईत राहून जातो. १८ पूर्ण झाल्यावर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडून पालकत्वाचं प्रमाणपत्र मिळतं. ते असेल तर प्रत न्या. नसेल तर हॉस्पिटल कोणाची सही घेणार ते आधी विचारा. आणि त्याला जेवढं समजतं तेवढं त्यालाही विचारा.

जाग येताना ओळखीचा एकच माणूस जवळ हवा, दिवा मंद, हाका कमी. हातातली सलाईनची सुई तो उपटेल. ती बँडेजखाली झाकायला सांगा, आणि सुरक्षित असेल तेव्हा लवकरात लवकर काढायलाही. घरी दुचाकीवर आणू नका. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने शेजारी बसायचं.

खालच्या दाढेला बधिर करण्याचं इंजेक्शन दिलं असेल तर ओठ आणि जीभ काही तास बधिर राहतात आणि तो ओठ चावून रक्तबंबाळ करू शकतो. बधिरपणा उतरेपर्यंत चघळायचं काही देऊ नका, समोर बसून राहा. कापसाचा बोळा दाबून धरेल याची खात्री नाही, म्हणून दाढेच्या खड्ड्यात विरघळणारा स्पंज ठेवून टाका घालता येईल का ते विचारून ठेवा. २४ तास चूळ, थुंकणं, स्ट्रॉ नको. उशीवर गडद रंगाचा टॉवेल टाका. लाळेत मिसळलेलं थोडंसं रक्तही पांढऱ्या अभ्र्यावर भयंकर दिसतं. थंड दहीभात चालतो.

दुखतंय असं तो सांगणार नाही. पहिला दिवस वेदनेची गोळी मागण्याची वाट न पाहता डॉक्टरांनी लिहिलेल्या वेळेवर द्या, आणि तो गोळी गिळतो की पातळ औषधच घेतो हे आदल्या आठवड्यातच पाहून ठेवा. रक्त थांबत नसेल, ताप आला, किंवा संध्याकाळपर्यंत पाणीही घेत नसेल तर फोन करा. निघताना भुलीच्या नोंदीची प्रत मागून घ्या: कोणतं औषध, किती लागलं, जाग कशी आली. पुढचे भूलतज्ज्ञ पहिल्याच भेटीत हेच विचारतील.