सोलरच्या नळाला धार का येत नाही?

प्रश्न : गच्चीवरील थंड पाण्याची टाकी रिकामी होऊन पुन्हा भरली, की आमच्या सोलर वॉटर हीटरचा नळ नुसता फुसफुसतो. शिवाय पाणी पूर्वीइतके तापत नाही. काय करावे?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : टाकी आटली की पाइपमध्ये हवा शिरते आणि उंच वळणांवर अडकून पाण्याची वाट अडवते, सोलापुरात पाणी रोज येत नसल्याने हा त्रास पुनःपुन्हा होतो. टाकी पूर्ण भरू द्यावी, मग घरातील सर्वांत खालचा गरम पाण्याचा नळ पूर्ण उघडून धार एकसारखी होईपर्यंत तसाच ठेवावा. सोलरच्या टाकीवरील हवेची उभी नळी मोकळी आहे ना आणि तिचे उघडे टोक थंड टाकीतील पाण्याच्या पातळीपेक्षा उंच आहे ना, हेही पाहावे. ही नळी कधीही बंद करू नये.

मात्र एक काळजी अवश्य घ्यावी. तुमच्याकडे काचनळ्यांचा सोलर असेल आणि तो कोरडा पडला असेल, तर भर उन्हात पाणी सोडू नये, कारण तापलेल्या नळ्या थंड पाण्याने तडकतात, पहाटेच भरावा.

पाणी कमी तापण्यामागे बहुधा क्षार असावेत. बोअरचे पाणी जड असल्यास कॅल्शियम कार्बोनेटचा थर साचतो आणि पाणी ६० अंश सेल्सिअसच्या वर गेले की तो अधिक वेगाने जमतो. तळाच्या व्हॉल्व्हमधून अधूनमधून गाळ काढावा. थर घट्ट झाल्यास जाणकार मेकॅनिककडूनच सफाई करून घ्यावी. काचेवरची धूळ पुसणे तर उन्हाळ्यात आठवड्याचेच काम समजावे.