‘सॉर्टिंग’ म्हणजे वर्गीकरण?

प्रश्न असा आहे: पेशी ठरावीक रेणू इवल्या पिशव्यांत भरून दुसऱ्या पेशींकडे पाठवतात, या विषयावरच्या इंग्रजी लेखाचा अनुवाद करताना ‘सॉर्टिंग’साठी ‘पेशीबाह्य पुटिकांमध्ये रेणूंचे वर्गीकरण’ असं लिहिलं. हे बरोबर आहे का?

‘पुटिका’ राहू द्या. संपुट, नासापुट यांतलाच हा पुट. ‘इका’ लागून लहान झाला. इथे तर फारच लहान, कारण यातल्या एक्झोसोम नावाच्या पुटिका साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या असतात. अडतं ते ‘वर्गीकरण’पाशी. वर्गीकरण म्हणजे सारख्याशेजारी सारखं लावणं, आणि ते नुसतं वहीतही करता येतं. वस्तू जागची हलायला हवी असं नाही. पेशी मात्र गर्दीतून काही रेणू उचलते, पिशवीत घालते नि बाहेर धाडते. ‘छाननी’ही नको. ती अर्जांची होते. तिच्यात तपासणं आहे, उचलणं नाही.

‘निवड’ मलाही आधी सुचला होता. पण जीवशास्त्रात ‘नैसर्गिक निवड’ केव्हाचीच ठाण मांडून बसली आहे. दुसरी अडचण अधिक गमतीची. तांदूळ निवडले की तांदूळ ताटात राहतात आणि खडे बाहेर जातात. उमेदवार निवडला की तोच पुढे जातो, बाकीचे राहतात. क्रियापद एक, दिशा उलट!

आणि नेमकी हीच उलटापालट या पुटिकांच्या इतिहासात झाली. १९८३ साली माँट्रियलमध्ये रोझ जॉनस्टोन आणि सेंट लुईसमध्ये फिलिप स्टाल यांच्या गटांनी पाहिलं, की तांबड्या रक्तपेशी पक्व होताना लोह आत घेणारी ग्राही प्रथिनं पुटिकांत भरून टाकून देतात. म्हणजे खडे काढणं. पुष्कळ वर्षं पुटिकांची ओळख मुख्यतः कचऱ्याच्या पिशव्या अशीच राहिली. २००७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांना एक्झोसोममध्ये आरएनए, म्हणजे जनुकांतली माहिती वाहणारे रेणू, सापडलं, आणि त्यातलं काही दुसऱ्या पेशीत जाऊन तिथे प्रथिनं घडवतं असंही दिसलं. आता तोच कचरा निरोप ठरला.

म्हणून माझं मत ‘वेचणे’ला. आपण खडे वेचतो, फुलं वेचतो, कापूस वेचतो. वेचलं जातं ते उचललेलंच. टाकायला की जपायला, याचा निकाल क्रियापद देत नाही. प्रत्यक्षातली यंत्रणाही अशीच आहे. काही प्रथिनांना युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण चिकटते. ‘एस्कर्ट’ नावाची प्रथिनसंकुलं ती ओळखून त्यांना एकत्र आणतात आणि पेशीच्या आतल्या एका पिशवीचं पटल आतल्या बाजूला वळवून त्याची पुटिका, म्हणजे एक्झोसोम, करतात. ‘एस्कर्ट’शिवाय चालणारे मार्गही आहेत, त्यांतल्या एकात सेरामाइड हा मेद पटलाला वळण देतो. सूक्ष्म-आरएनएंची, म्हणजे अगदी आखूड आरएनएंची, खूण त्यांच्या अक्षरक्रमातच असते; अक्षरं म्हणजे आरएनएच्या साखळीतले घटक. २०१३ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी दाखवलं, की ‘जीजीएजी’ अशी चार अक्षरं असलेले रेणू एक प्रथिन पकडतं आणि पुटिकेत पोचवतं. पुढे २०२२ मध्ये उलट्या कामाचे अक्षरक्रमही सापडले, रेणूला पेशीतच थांबवणारे. त्यांच्यासाठी ‘राखणे’ आहेच: काही वेचले, काही राखले.

‘वेचणी’ला शेताचा वास येतो म्हणून कुणी नाक मुरडेल. मुरडू द्या. ‘आयुष्य वेचलं’ म्हणताना आपण याच रूपाचं क्रियापद खर्चण्याच्या अर्थानं वापरतो, पण पुढे ‘पुटिकांत भरते’ असं आलं की घोटाळा होत नाही.

तेव्हा मथळा ‘पुटिकांसाठी रेणूंची वेचणी’, आणि मजकुरात ‘पेशी रेणू वेचून पुटिकांत भरते’. ‘एक्झोसोम’चं मात्र भाषांतर करू नका, आणि सरसकट सगळ्या पुटिकांना ते नावही देऊ नका. पेशीच्या बाह्यपटलावरून थेट सुटणाऱ्या पुटिका वेगळ्या. शिवाय आरएनए कुरतडणाऱ्या एका प्रथिनसंकुलाचं नावही एक्झोसोमच आहे.