पावरी बँडमध्ये घेताना
भाऊ, बँडचा आवाज बदलायचा म्हणून कानबाईच्या (खानदेशातली देवी) गाण्याखाली नुसते गिटारचे कॉर्ड टाकू नकोस. आधी टाळीवर म्हण, मात्रा मोज. सहा मात्रांची चाल चारच्या ड्रमबीटवर कोंबली की अहिराणी शब्द भलत्याच जागी तुटतात.

पावरीला जास्त जपावं लागतं. भोपळा, बांबू, शिंग यांचं हे फुंकून वाजवायचं आदिवासी वाद्य. तिचा सूर खुंटी पिळून बदलत नाही. म्हणून गिटार आणि बेस तिच्याशी जुळव: ट्यूनरचा (सूर जुळवायच्या यंत्राचा) पाया ४४० हर्ट्झवरून ५-१० हर्ट्झ खाली-वर सरकवून बघ. तिचा गंधार (ग) गिटारच्या फ्रेटशी, म्हणजे दांडीवरच्या पट्ट्यांनी ठरलेल्या सुराशी, जुळेलच असं नाही, तेव्हा गिटारवर फक्त सा-प धर. सोबत ढोलकी असेल तर गिटारचा १०० हर्ट्झखालचा भाग काप, नाहीतर धुमाचा, म्हणजे ढोलकीच्या खर्जाच्या बाजूचा, घुमारा दबतो.